पोटाची सोनोग्राफी: पडद्यावरच्या त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात नेमकं काय असतं?

"डॉक्टर, सकाळी नुसता अर्धा कप चहा घेतलाय. चालेल ना?"

हा प्रश्न मी जवळपास रोज ऐकतो. विचारणाऱ्या मावशी पहाटेच्या एसटीने आलेल्या असतात, शेतातलं काम टाकून मुलगा सोबत आलेला असतो, आणि "उद्या उपाशीपोटी या" म्हणताना माझ्याही जिवावर येतं. अर्ध्या कपाने काय बिघडणार आहे, असं त्यांना वाटतं. वाटणारच, कारण उपाशी का यायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. चिठ्ठीवर फक्त 'उपाशीपोटी' एवढाच शब्द असतो.

दुसरा प्रसंग संध्याकाळचा. रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो, त्यातलं 'फॅटी लिव्हर ग्रेड १' किंवा 'रीनल सिस्ट' वाचून कुणीतरी घाबरतं आणि घरात रात्रभर कुणाचा डोळा लागत नाही.

तालुक्याच्या गावी बरीच वर्षं हेच काम करताना माझ्या लक्षात आलंय की दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. सोनोग्राफी म्हणजे पोटाचा फोटो, असं आपण धरून चालतो. ते यंत्र पोटात बघत नाही, ते कान देऊन ऐकतं. एवढं एक नीट समजलं की उपाशी का राहायचं, पाणी का प्यायचं, ते गार जेल कशाला, श्वास का धरायचा आणि रिपोर्टातलं काय किती मनावर घ्यायचं, या सगळ्याचा उलगडा होत जातो.

माठ वाजवून घ्यावा तसं

बाजारात माठ घेताना आपण त्याला टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा. आत न डोकावता आतली गोष्ट कळते. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की ती परत येते. पाणी खोल असेल तर उशिरा, वर असेल तर लगेच. सोनोग्राफी या दोन्हींची मिळून झालेली विद्या आहे. आवाज पाठवायचा, प्रतिध्वनी ऐकायचा, तो किती वेळाने आला त्यावरून खोली काढायची आणि किती जोरात आला त्यावरून तिथे काय आहे याचा अंदाज बांधायचा.

हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज पकडतो. पोटासाठी वापरतात तो आवाज सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांचा असतो.

पोटावरून फिरवतात त्या हातात मावणाऱ्या तुकड्याला प्रोब म्हणतात. त्याच्या टोकाशी विशिष्ट पदार्थाच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. असे पदार्थ दाबले की त्यांत वीज तयार होते, आणि वीज दिली की ते थरथरतात. १८८० मध्ये पॅरिसमध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी स्फटिकांचा दाबातून वीज देण्याचा हा गुण प्रथम दाखवून दिला. तुमच्या स्वयंपाकघरातला टक् करून ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर याच गुणावर चालतो. प्रोबमध्ये वीज देऊन पट्टी थरथरवली की आवाज निघतो, आणि परत आलेल्या आवाजाने पट्टी दाबली गेली की वीज उमटते. म्हणजे तोंडही तेच आणि कानही तोच. गंमत अशी की हा प्रोब बोलतो फार थोडा. शंभरातला जेमतेम एखादा भाग वेळ तो आवाज सोडतो, उरलेला सगळा वेळ ऐकत असतो.

शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, असं यंत्र धरून चालतं. त्या हिशेबाने १ सेंटीमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी एका सेकंदाच्या दहा लाखांतल्या १३ भागांत परत येतो. यंत्र असे असंख्य प्रतिध्वनी ओळीओळीने मांडतं, आणि त्या ओळींचं चित्र पडद्यावर सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने उमटतं. म्हणून ते हलतं दिसतं.

उपाशी, पाणी आणि ते गार जेल

प्रतिध्वनी येतो तो दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून. लिव्हर संपून किडनी सुरू होते तिथे फरक थोडा असतो, म्हणून थोडा आवाज परत येतो आणि बाकीचा पुढे जातो. हे आपल्याला हवंच असतं. पण मध्ये हवा आली की सगळं अडतं. मऊ मांस आणि हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ सगळा आवाज माघारी फिरतो, पुढे काही जातच नाही. हाडाचंही तसंच, काही आवाज परततो, काही तिथेच जिरतो.

कातडी आणि प्रोब यांच्यात केसभर हवा राहिली तरी आवाज आत शिरत नाही, म्हणून जेल. लिव्हर आणि पाणथरी म्हणजे प्लीहा, दोन्ही फासळ्यांच्या आड असतात, म्हणून "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा". श्वास भरला की छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो आणि हे अवयव फासळ्यांच्या खालून डोकावतात. श्वास धरताना कुणाचे डोळे गच्च मिटतात, कुणाच्या मुठी वळतात. सात-आठ सेकंद पुरतात. दम लागत असेल तर खुशाल सोडा, आम्ही पुन्हा सांगतो.

आता त्या अर्ध्या कप चहाकडे येऊ. लिव्हरच्या खाली नासपतीच्या आकाराची एक छोटी पिशवी असते, ते पित्ताशय. लिव्हरने तयार केलेला पित्तरस तिथे साठतो. सहा ते आठ तास काही खाल्लं नाही की ती पिशवी टम्म भरते, आणि भरलेल्या पिशवीत डाळीएवढा खडाही स्पष्ट दिसतो. दुधाचा चहा पोटात गेला की त्यातल्या स्निग्धांशामुळे शरीर पित्ताशयाला आकसण्याचा निरोप देतं. पिशवी चुरगळते, भिंत जाड भासते, घड्यांत खडा लपतो. मग 'खडा नाही' असं छातीठोकपणे लिहिता येत नाही. दुसरं कारण म्हणजे खाण्याबरोबर आतड्यांत वायू वाढतो, आणि वायूपलीकडचं काही दिसत नाही. मशेरी, तंबाखू चघळतानाही हवा गिळली जाते, तेव्हा त्या सकाळी तेही नको.

साधं पाणी चालतं. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

आणि लघवी तुंबवून बसायला का लावतात? भरलेलं मूत्राशय खिडकीचं काम करतं. ते फुगलं की वायूने भरलेली आतडी वर ढकलली जातात, आणि त्या पाण्यातून पलीकडचं गर्भाशय, अंडाशय किंवा पुरुषांतली प्रोस्टेट ग्रंथी दिसते. कळ येईपर्यंत अडवून धरायची गरज नसते. जोराची भावना झाली की सांगा, रांगेतला नंबर बदलून देता येतो.

पोटात असह्य दुखत असेल तर यातलं काहीच आडवं येत नाही. तेव्हा जेवलेल्या माणसाचीही सोनोग्राफी लगेच करतात. उपास ही ठरवून केलेल्या तपासणीची अट आहे.

काळं, करडं, पांढरं

जिथून प्रतिध्वनी येत नाही ते पडद्यावर काळं. पित्तरस, लघवी, रक्त, पाण्याची गाठ, सगळं काळं. लिव्हर, प्लीहा, किडनी हे भरीव अवयव करड्या रंगाच्या कमी-जास्त छटांचे. खडा, हाड आणि वायू पांढरे, चमकदार.

आम्ही अवयवांची एकमेकांशी तुलना करतो. निरोगी माणसात लिव्हर हा किडनीच्या बाहेरच्या थराइतकाच किंवा किंचित जास्त उजळ असतो. हे दोघे उजव्या बाजूला एकमेकांना खेटून बसलेले, त्यामुळे एकाच चित्रात येतात. हा शेजार आम्हाला फार उपयोगी पडतो.

खडा ओळखण्याची खूण तर पाहण्यासारखी असते. पित्ताशयाच्या काळ्या पाण्यात एक पांढरा ठिपका, आणि त्याच्या मागे खालपर्यंत गेलेली काळीभोर सावली. खड्याने आवाज अडवला, म्हणून मागे अंधार. मग मी म्हणतो, "मावशी, डाव्या कुशीवर वळा." त्या वळतात आणि पडद्यावरचा ठिपका गोटीसारखा घरंगळत दुसऱ्या टोकाला जातो. तो जागचा हलला नाही आणि मागे सावलीही नसेल, तर भिंतीला चिकटलेला मांसाचा कोंब, म्हणजे पॉलिप असू शकतो. कूस बदलायला सांगतात ते यासाठी.

कधी चित्रात लाल-निळे रंग उमटतात. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त सहसा लाल दाखवतात, दूर जाणारं निळं. स्टँडमध्ये शिरणारी आणि बाहेर पडणारी एसटी वेगळ्या रंगांत दाखवावी तसं ते आहे.

काकडीचा काप

पडद्यावर एका वेळी दिसतो तो पोटाचा एक पातळ काप. काकडी आडवी कापली तर गोल चकती मिळते, उभी कापली तर लांब फोड. पाठीच्या कण्यापुढून जाणारी मोठी धमनी आडव्या कापात काळं वर्तुळ दिसते, आणि प्रोब फिरवला की तीच लांब नळी होते. म्हणून प्रोब सतत तिरका, उभा, आडवा फिरत असतो. शेकडो काप डोळ्यांपुढून जातात तेव्हा कुठे डॉक्टरच्या मनात अख्खा अवयव उभा राहतो. तुमच्या हातात पडणाऱ्या कागदावर त्यातले जेमतेम सात-आठ काप छापलेले असतात. केवळ ते कागद पाहून दुसऱ्या डॉक्टरांना नवं मत देणं अवघड जातं ते यामुळेच.

पोटाचा हा फेरफटका साधारण असा होतो. उजवीकडे फासळ्यांखाली लिव्हर, त्याला बिलगून पित्ताशय आणि पित्त वाहून नेणारी नळी. मध्यभागी, जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड. डावीकडे वर प्लीहा. पाठीशी दोन किडन्या; लिव्हरमुळे उजवी किडनी सहसा डावीपेक्षा थोडी खाली असते. तळाशी मूत्राशय, त्याच्या मागे बायकांत गर्भाशय, त्याच्या खाली पुरुषांत प्रोस्टेट. मोठ्या माणसाच्या किडनीची लांबी बहुधा ९ ते १२ सेंटीमीटर भरते, प्लीहा १२-१३ सेंटीमीटरपर्यंत, मुख्य पित्तनळी साधारण ६ मिलीमीटरपर्यंत. वय वाढलं किंवा पित्ताशय काढलेलं असलं तर थोडी जास्त. उंच माणसाचे अवयवही मोठे असतात, तेव्हा आकडा एकटा वाचू नये.

यंत्राचा उगमही सांगण्याजोगा आहे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातल्या, धातूतल्या भेगा शोधण्याच्या यंत्रावर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ मध्ये त्यांचा, जॉन मॅकविकर आणि अभियंते टॉम ब्राउन यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याचा विषय होता पोटातल्या गाठी. त्या सुरुवातीच्या काळात एका बाईंना जठराचा बरा न होणारा कॅन्सर आहे असं सांगितलं गेलं होतं. या यंत्राने पोटात पाण्याने भरलेली पिशवी दाखवली. ती अंडाशयाची मोठी गाठ निघाली, काढून टाकली, आणि बाई वाचल्या. काळं म्हणजे पाणी, हा साधा नियम त्यांच्या कामी आला.

'ग्रेड १ फॅटी लिव्हर': घाटातलं धुकं

पावसाळ्यात रात्री आंबोली घाटात गाडी चालवली असेल तर हे चटकन कळेल. दिवे लावले की समोरचं धुकं पांढरं चमकतं आणि त्यापलीकडचं वळण दिसेनासं होतं. लिव्हरमध्ये चरबीचे कण साठले की आवाजाचं तेच होतं. कणांवर आदळून पुष्कळ आवाज परततो, म्हणून लिव्हर पांढुरका दिसतो, शेजारच्या किडनीपेक्षा ठळकपणे उजळ. आणि खोलवर पोचणारा आवाज कमी होत जातो.

ग्रेड म्हणजे धुकं किती दाट. पहिल्या ग्रेडमध्ये पांढुरकेपणा आहे, पण आतल्या शिरांच्या कडा आणि मागचा स्नायूचा पडदा दिसतो. दुसऱ्यात या कडा पुसट होतात. तिसऱ्यात मागचं जवळजवळ काहीच दिसत नाही.

लिव्हर किती खराब झालाय, हे मात्र ग्रेड सांगत नाही. चरबीमुळे लिव्हरला सूज आहे का, तो कडक होत चाललाय का, यासाठी रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, लागते. ग्रेड १ असलेल्याचा लिव्हर कडक होत असू शकतो आणि ग्रेड २ असलेल्याचा मऊ. ग्रेड १ वाचून रडूही नये आणि "सगळ्यांनाच असतं" म्हणून कागद कपाटातही टाकू नये. साखर, कोलेस्टेरॉल, वजन, कमरेचा घेर तपासून घ्या, दारू असेल तर सोडा. वजन जास्त असलेल्यांनी ते सात ते दहा टक्क्यांनी उतरवलं तर लिव्हरमधली चरबी आणि सूज खरोखर कमी होते. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो झाले. मी पांढुरके लिव्हर वर्ष-दीड वर्षात पुन्हा करडे झालेले पाहिलेत.

"पित्ताचे खडे आहेत, म्हणजे मला पित्त होतं?"

इथे आपली भाषाच गोंधळ घालते. छातीत जळजळ, आंबट ढेकर याला आपण 'पित्त झालं' म्हणतो. ते जठरातलं आम्ल. पित्ताशयात साठतो तो लिव्हरचा पित्तरस, निराळाच. जळजळीवर गोळी घेऊन खडे जात नाहीत, आणि खडे काढले म्हणजे जळजळ थांबेलच असंही नाही. हा फरक माहीत नसल्याने ऑपरेशननंतर "अजून पित्त होतंच आहे" म्हणून हताश झालेली माणसं मी पाहतो आणि वाईट वाटतं.

दुसरा गोंधळ मूतखड्याचा. तो किडनीत तयार होतो, बहुतेकदा कॅल्शियमचा असतो, लहान असेल तर भरपूर पाण्याबरोबर लघवीवाटे पडून जाऊ शकतो. पित्ताशयातल्या खड्याचा आणि लघवीच्या वाटेचा संबंधच नाही. कितीही पाणी प्या, कुळथाचं कढण प्या, तो तिथेच राहतो. त्याचा काही त्रास नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर सर्जनना भेटा, आणि कळेबरोबर ताप किंवा कावीळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"काहीच निघालं नाही, मग दुखतंय कशाने?"

'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन माणूस चिडतो, कारण त्याचं दुखणं खरं असतं. पण जठरातला अल्सर, आम्लाची जळजळ, आतड्यांच्या हालचालीतला बिघाड, स्नायूचं दुखणं हे सहसा सोनोग्राफीत दिसत नाही. स्वादुपिंड वायूमागे दडतं. अ‍ॅपेंडिक्स निरोगी असलं तर पुष्कळदा सापडतच नाही. रिपोर्टात 'वायूमुळे दिसले नाही' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 'तिथे दोष नाही' असा काढू नका. तेवढा भाग तपासायचा राहिला, एवढाच त्याचा अर्थ. आणि शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहितात, ते काही जबाबदारी झटकणं नाही. चित्र आणि दुखणं यांची जोड तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी घालायची असते. म्हणून रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे परत जायलाच हवं.

"मग थेट सीटी स्कॅनच करू की!"

सीटीत क्ष-किरण वापरतात. सोनोग्राफीत फक्त आवाज असतो, किरणोत्सर्ग नाही, म्हणून गरजेनुसार ती पुन्हा पुन्हा केली तरी त्यातून अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या नळीत अडकलेला बारीक खडा सीटीतच नीट दिसतो. उलट पित्ताशयातले काही खडे सीटीत दिसत नाहीत आणि सोनोग्राफीत लख्ख दिसतात. महाग तपासणी म्हणजे जास्त चांगली, असं समीकरण नाही.

दारावरची ती पाटी

'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' पोटदुखीसाठी आलेल्यांनाही ही पाटी वाचावी लागते. ज्या यंत्राने गाठी शोधल्या, त्याच यंत्राने आपल्याकडे मुलींचे गर्भ शोधून मारले गेले. हे थांबवण्यासाठी देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. म्हणून सोनोग्राफी केंद्राची नोंदणी लागते आणि प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा फॉर्म भरावा लागतो. या कागदांना वेळ जातो, तेव्हा समजून घ्या. मला त्या कागदांचा कधी कंटाळा येत नाही.

जुने रिपोर्ट फेकू नका

परवा एक आजी आल्या. सोबतचा नातू घाबरलेला. दुसरीकडे कुठेतरी डाव्या किडनीवर गाठ सांगितलेली. मी पाहिलं: काळीभोर, पातळ भिंतीची, आत काहीही नसलेली पाण्याची गोल गाठ, साधी सिस्ट. पन्नाशीनंतर अशा गाठी पुष्कळांना असतात आणि बहुतेक जन्मभर काही करत नाहीत. मोजली तर ३.२ सेंटीमीटर.

"आधी कधी केली होती का, आजी?"

आजींनी नायलॉनच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड काढलं. त्याच्या घडीत २०१९ चा रिपोर्ट होता, घड्यांवर फाटत आलेला. डावी किडनी, सिस्ट, ३.१ सेंटीमीटर. काप एखाद्या अंशाने तिरका पडला तरी १ मिलीमीटरचा फरक पडतो.

"एवढ्या वर्षांत वाढली नाही, आजी."

"मला दुखतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "हाच घेऊन आला." कागद त्यांनी पुन्हा रेशनकार्डात घातला, नवा रिपोर्टही त्यातच ठेवला, आणि नातवाला विचारलं, "आता काही खायला चालेल का?"